बाहेरची कडी

१२ मार्च

भिंगरीच्या बाबांना,

आपण कधी भेटलो नाही आणि भेटायचं काही कारणही नव्हतं. तुमची मुलगी मला काका म्हणते, तिच्या आईचं माझ्याशी लग्न होऊन बरीच वर्षं झाली, एवढी ओळख पुरे. अक्षर सांभाळून घ्या. उजवा हात प्लास्टरमध्ये आहे, डाव्यानं लिहितोय. घरात पाय घसरला. मी मोटार ड्रायव्हिंग शिकवतो. दिवसभर नवशिक्यांच्या शेजारी बसून सुखरूप घरी येणारा माणूस घरात पडतो, आता बोला!

तुमचा नंबर आमच्याकडे नाही, म्हणून तुमच्या कारखान्याच्या पत्त्यावर पाठवतोय. मी लिहितोय हे तिच्या आईला माहीत आहे. ती नको म्हणाली नाही. हो पण म्हणाली नाही.

भिंगरी हॉस्पिटलात आहे. जिवावरचं काही नाही, घाबरू नका. मनाच्या आजारांच्या हॉस्पिटलात मोठ्या होत असलेल्या मुलामुलींसाठी वेगळा वॉर्ड असतो, तिथे आहे. गेलं वर्षभर तिचं डोकं फिरलं की आवरेनासं झालं होतं. हाताला येईल ते फेकायची. नंतर तासन्‌तास तोंडातून शब्द नाही. शाळेत एका मुलीला जिन्यावरून ढकललं तेव्हा आम्ही डॉक्टरबाई गाठल्या. मुलगी वाचली, थोडं खरचटण्यावर निभावलं. डॉक्टरबाई म्हणाल्या, काही आठवडे दाखल करू, औषध नीट बसवू, आणि ही चिडते म्हणजे नेमकं काय होतं तेही बघू.

हल्ली तिला भिंगरी म्हटलेलं चालत नाही. पण तुम्ही तिला त्याच नावानं ओळखता, म्हणून पत्रापुरतं लिहितो.

आता काम सांगतो. त्या वॉर्डच्या प्रमुख सिस्टर आहेत, त्यांना सगळे मोठ्या सिस्टर म्हणतात. उंचीनं माझ्या खांद्याएवढ्याही नाहीत. किल्ल्यांचा जुडगा कमरेला न लावता खिशात रुमालात गुंडाळून ठेवतात, कारण किल्ल्या वाजल्या की पोरांचं डोकं उठतं. त्यांनी आम्हा दोघांना बसवून विचारलं, "लहानपणी ही चिडली की कशानं शांत व्हायची?"

मी तिच्या आईकडे बघितलं. ती म्हणाली, "ते हिच्या बाबाला विचारायला हवं. माझी तेव्हा दुपारपाळी असायची. मी घरी यायची तेव्हा पोर शांत बसलेली असायची. त्याच्याकडे काहीतरी हातोटी होती."

सिस्टर म्हणाल्या, "मग विचारा की. आम्हाला त्याचा फार उपयोग होईल."

तर विचारतोय. गाणं म्हणायचात? कडेवर घेऊन फिरवायचात? काहीही असेल, कितीही बारीकसारीक असेल, कळवा. आमच्या घरात तुमचा विषय निघत नाही, पण या एका बाबतीत तुम्ही आमच्यापेक्षा वरचढ होतात हे कबूल करायला मला काही कमीपणा वाटत नाही.

तिचा काका


२३ मार्च

भिंगरीच्या बाबांना,

उत्तर आलं नाही. पत्र पोचलं नसेल असं आधी वाटलं. मग वाटलं, मी अर्धंच लिहिलं, म्हणून तुम्हाला त्यातली घाई कळली नसेल. उरलेलं आज लिहितो.

दाखल केलं त्याच दुपारी तिथे तमाशा झाला. तिच्या अंगातल्या जर्किनला टोपीची दोरी होती. वॉर्डात दोरी, पट्टा, काच, काही चालत नाही. सामान तपासणाऱ्या मावशींनी ती दोरी ओढून काढली, आणि भिंगरीनं त्यांच्या नडगीवर लाथ घातली. मग शिट्टी वाजली, तिघंचौघं धावत आले, तिला उचललं आणि टोकाच्या खोलीत टाकून बाहेरून कडी लावली. आम्ही दोघं कॉरिडॉरमध्येच होतो. दारावर मुठी आपटल्याचा आवाज येत होता. तिची आई भिंतीला धरून खाली बसली. मग एकदम आवाज बंद. एक तरुण डॉक्टर दाराच्या काचेतून डोकावला आणि आम्हाला धीर द्यायला म्हणाला, "झाली शांत."

मोठ्या सिस्टर त्या दिवशी रजेवर होत्या. दुसऱ्या दिवशी आल्या, आणि पुढं जे झालं ते मी जन्मात कुठल्या ऑफिसात, शाळेत, हॉस्पिटलात पाहिलेलं नाही. त्यांनी आम्हाला बोलावलं, त्या मावशींना बोलावलं आणि वॉर्डातल्या मामांना बोलावलं. मामा म्हणजे तिथला जुना कर्मचारी, दारातून आत येताना वाकावं लागतं असा आडदांड माणूस. भिंगरी पलंगावर गुडघे पोटाशी घेऊन बसली होती, बोटांच्या पेरांना पट्ट्या. सिस्टर जमिनीवरच बसल्या, मांडी घालून. म्हणाल्या, "काल तुला उचललं, कोंडलं. ते व्हायला नको होतं. मी या वॉर्डाची प्रमुख आहे, म्हणून मी माफी मागते. आता तू सांग, आमचं नेमकं कुठे चुकलं?"

मी आपला कानात बोळे असल्यासारखा बघत राहिलो. लाथ मारली हिनं आणि माफी मागतात त्या!

मावशींनी खोकून बघितलं, सिस्टरनी नुसता हात वर केला. शेवटी भिंगरी म्हणाली, "मागितली असती तर दिली असती दोरी. हिसकावली कशाला?"

मावशी म्हणाल्या, "खरंय बाळा. पन्नास पोरांच्या दोऱ्या काढून काढून सवयीनं हात गेला बघ." आणि मग, "पण लागलं हं मला."

"माहितीये," भिंगरी म्हणाली. तिच्या तोंडून माफी निघाली नाही. पण मावशींची नडगी तिनं एकदा वाकून बघितली.

सिस्टरनी विचारलं, "खोलीत मग शांत झालीस, तेव्हा काय झालं?"

त्यावर जे म्हणाली ते जसंच्या तसं लिहितो. "मी शांत नव्हते झाले. मी तिथे नव्हतेच. दार बाहेरून लागलं की तसं होतं. तेव्हासारखं."

"तेव्हा म्हणजे कधी?"

तिनं भिंतीकडे तोंड केलं. सिस्टरनी पुन्हा विचारलं नाही. उठताना एवढंच म्हणाल्या, "नको सांगूस. पण तुझ्यासाठी ती कडी आता लागणार नाही, हे मी तुला सांगून ठेवते."

मला 'तेव्हा' म्हणजे कधी ते माहीत नाही. तिच्या आईलाही नाही. ती तेव्हापासून धड जेवलेली नाही आणि काय झालं विचारलं तर डोकं दुखतंय म्हणते. तुम्हाला माहीत असेल तर, आणि मला सांगायचं नसेल तर, सिस्टरना सांगा. वॉर्डचा नंबर खाली देतोय. त्या कोणाला फाडून खाणाऱ्यांतल्या नाहीत.

तिचा काका


४ एप्रिल

भिंगरीच्या बाबांना,

तुम्ही फोन केलात. सिस्टरनी मला एवढंच सांगितलं की तुमचा फोन आला होता, बराच वेळ बोलत होतात. काय बोललात ते त्यांनी सांगितलं नाही. म्हणाल्या, "ते तिचं आहे. तिला वाटलं तर ती सांगेल."

तिनं सांगितलं. म्हणून आता मला माहीत आहे की घरी ती रडून गोंधळ घालायला लागली की तुम्ही तिला बाथरूममध्ये कोंडायचात, दिवा बंद करून, बाहेरून कडी लावून. आणि आवाज थांबला की उघडायचात.

मला राग आला. खोटं कशाला सांगू. तिची आई तर आतल्या खोलीत गेली ती संध्याकाळपर्यंत बाहेर आली नाही. पोरीला शांत बसलेली बघून तिला इतकी वर्षं तुमचं जे कौतुक वाटत होतं, ते आता तिला सोसवत नाही.

पण हे पत्र त्यासाठी नाही. सिस्टरनी भिंगरीला सांगितलं, "तुझ्या बाबांचा फोन होता. त्यांनी तुझ्या लहानपणचं एक सांगितलं. ऐकायचंय की नको?"

ती म्हणाली, "मला माहितीये काय ते. बाबा स्वतः बोलला?"

"स्वतः."

"तुम्ही विचारलं म्हणून?"

"मी विचारायच्या आधी."

त्यावर ती म्हणाली, "मला वाटायचं ते मी मनानंच रचलंय." मग रडली. आदळआपट न करता, नुसती रडली. तिची आई म्हणते, अशी ती पूर्वी कधी रडलेली तिला आठवत नाही.

बघा, तुम्ही काही न बोलता राहिला असतात तरी कोणाला पत्ता लागला नसता. तिला स्वतःलाच खात्री नव्हती. म्हणून, तुमच्यावर राग धरूनच सांगतो, तुम्ही तो फोन केलात याचं मला मोल वाटतं. माझ्याच्यानं झालं असतं की नाही, देव जाणे.

दुसऱ्याच दिवशी सिस्टरनी टोकाच्या खोलीची कडी काढायला लावली. वरच्या साहेबांचा विरोध होता, उद्या कोणाला लागलं तर जबाबदार कोण, वगैरे. सिस्टर म्हणाल्या, "आत्तापर्यंत लागलं त्याला कोण होतं?" आणि खाली येऊन मामांच्या हातात पेचकस दिला. भिंगरी उभी राहून बघत होती. मामांनी एकेक स्क्रू काढून तिच्या तळहातावर ठेवला, सगळे निघाल्यावर मोजून परत घेतले. "नियम आहे बाई," म्हणाले. ती हसली. आता त्या खोलीत जाड गोधडी आहे, उशा आहेत, मारायला एक भरलेलं पोतं आहे. ज्याला जायचं तो जातो, बाहेर यायचं तेव्हा येतो.

तिथे सगळं असं गुळगुळीत चालतं असं समजू नका. परवाच एका मुलानं दुसऱ्याचा गळा धरला, तेव्हा मामांना आणि दोघांना त्याला धरावंच लागलं. पण सिस्टर त्याच्या डोक्याशी बसून सारख्या बोलत होत्या, "आता तुझा डावा हात सोडतोय, आता उजवा," आणि लगेच सोडलं. नंतर त्याच्याशीही तशीच बैठक, आमचं काय चुकलं म्हणून.

आणि तुमच्या मुलीचं म्हणाल तर रविवारी मी डोळ्यांनी पाहिलं. भेटीची वेळ होती. तिचा कार्यक्रम चालू असताना एका नव्या मुलीनं टीव्हीचं चॅनेल बदललं. भिंगरी उठली, खुर्ची उचलली, डोक्यावर नेली. कोणी धावलं नाही! मावशींनी टीव्ही बंद केला. मामा हळूच बाकीच्यांना म्हणाले, "चला रे, जरा व्हरांड्यात," आणि सगळी वरात बाहेर. सिस्टर तिच्यापासून लांबच, थोड्या तिरक्या उभ्या राहिल्या, हात मोकळे, दिसतील असे. आवाज इतका खाली की मला कान द्यावे लागले.

"जड आहे खुर्ची."

भिंगरीनं खुर्चीवरची पकड बदलली.

"धरून ठेवलीस तरी चालेल. खाली ठेवलीस तरी चालेल."

मी त्यांच्या जागी असतो तर शंभर वाक्यं बोललो असतो. त्या नुसत्या थांबल्या. खुर्ची थरथरायला लागली, हात भरून आले असणार. मग ती खाली आली, दणकन, पण पायांवर.

"चालायचंय, की खोलीत जायचंय?"

"चालायचंय. माझ्या मागे येऊ नका."

"नाही येत. मी इथेच आहे."

ती कॉरिडॉरमधून येरझाऱ्या घालत राहिली, भिंतीवर तळहात आपटत. सिस्टर होत्या तिथेच. ती दमून बाकावर टेकली तेव्हा सिस्टर माझ्याजवळ येऊन पाणी प्यायल्या. एक भांडं संपवून लगेच दुसरं भरलं.

मी म्हटलं, "तुम्हाला भीती वाटते?"

"वाटते तर! ज्या दिवशी वाटणार नाही त्या दिवशी माझ्या हातून चूक होईल."

मी त्यांना सांगितलं, आमच्या शिकवायच्या गाडीत माझ्या पायाशी दुसरा ब्रेक असतो, आणि नव्या मास्तरांची खोड हीच की शिकाऊ जरा चुकला की दाबलाच ब्रेक. मग तो शिकाऊ स्वतः कधी थांबायला शिकत नाही. त्या म्हणाल्या, "मामांना सांगा हे. ते पूर्वी दोन्ही पायांनी दाबायचे." मामा लांबून म्हणाले, "ऐकू येतंय मला."

आता माझ्या हाताचं. पाय घसरला नव्हता. ती तिरीमिरीत घराबाहेर निघाली होती, मी दार अडवून उभा राहिलो, तिनं दार लोटलं, मध्ये माझा हात होता. तुम्ही खरं सांगितलंत, तेव्हा माझ्याकडून तरी खोटं कशाला राहू द्यायचं.

तुम्हाला ती भेटायला तयार आहे. मी किंवा तिच्या आईनं सुचवलेलं नाही. तीच म्हणाली.

तिचा काका


११ एप्रिल

भिंगरीच्या बाबांना,

तुमचं कार्ड मिळालं. दोनच ओळी, पण तारीख कळली, पुरे. सिस्टरनी सांगितलेलं लिहून पाठवतो, येण्याआधी वाचा.

तिला मिठी मारायला जाऊ नका. ती आली तर येऊ द्या. तिनं आरडाओरडा केला तर आवाज चढवू नका. तिला राग आलाय हे तुम्हाला दिसतंय एवढंच म्हणा, नाहीतर गप्प बसा. दार उघडंच राहील. ती उठून गेली तर जाऊ द्या. आणि तिनं "का?" असं विचारलं तर खरं उत्तर द्या, कारण नाही सुचलं तर नाही सुचलं म्हणा.

भेटवस्तू आणणार असाल तर काचेचं, टोकदार किंवा दोरीचं काही नको. मी एकदा फुगे नेले होते तर त्यांच्या दोऱ्या कापून घेतल्या, आणि मी वॉर्डात नुसते फुगे छातीशी धरून शिरलो. पोरं अजून चिडवतात.

बसथांब्यावर मी न्यायला येईन. प्लास्टर अजून आहे, त्यावरून ओळखाल.

तिचा काका


१६ मे

भिंगरीच्या बाबांना,

महिन्यावर दिवस गेले. मी मुद्दामच लिहिलं नाही. लिहिलं असतं तर जे लिहिलं असतं ते पाठवण्याजोगं नसतं.

आधी चांगली बातमी. भिंगरी घरी आली आहे. तुम्ही येऊन गेल्यावर तिला एकदाही धरावं लागलं नाही. सिस्टर सांगत होत्या, कडी काढल्यापासून वॉर्डातच धरण्याबांधण्याचे प्रसंग इतके कमी झालेत की वरचे साहेब येऊन खोली बघून गेले, आणि जाताना पोत्याला एक गुद्दा घालून गेले. निघायच्या दिवशी मामांनी तिला दारापर्यंत सोडलं. म्हणाले, "परत येऊ नकोस हं, आलीस तर नुसती भेटायला ये." मावशींनी डोळे पुसत जर्किनची दोरी तिच्या हातात दिली. जपून ठेवली होती बिचारीनं. ती घातली का जर्किनात, तर नाही. म्हणे, जर्किन आता असंच बरं दिसतं.

घरी आल्यावर पहिलं भांडण मोबाइलवरून झालं. तिच्या आईनं तो मागितला, हिचा पारा चढला, ताट टेबलावर आपटलं, भाजी भिंतीवर. मी उठलो आणि पुन्हा बसलो. उठायची सवय आहे, बसायची लावून घेतोय. ती म्हणाली, "मी चालून येते. दार लावू नका." आम्ही दार सताड उघडं ठेवून बसलो. शेजारच्यांची मांजर आत आली, भिंतीखाली सांडलेलं चाटून गेली, शेजारीणबाई डोकावून "सगळं ठीक ना?" विचारून गेल्या. तिची आई पदर पिळत होती पण जागची हलली नाही. भिंगरी आली, फडकं घेतलं, भिंत पुसली. मग जेवली. आम्हीही जेवलो, गार झालेलं. इतकं चवीनं मी बऱ्याच दिवसांत जेवलो नव्हतो.

आता त्या दिवसाबद्दल. तुम्ही तिथे होतात, पण अर्धेच होतात, म्हणून लिहायला हवं.

तुम्ही इस्त्रीचा शर्ट घालून आला होतात. बसथांब्यापासून वॉर्डापर्यंत एक शब्द बोलला नाहीत, आणि मला ते बरं वाटलं, म्हटलं माणूस तयारी करतोय. ती येऊन तुमच्या समोर बसली. "किती मोठी झालीस," म्हणालात, तिनं मान हलवली. मग तिनं विचारलं, "का कोंडायचास?" तुम्ही म्हणालात, "तू ऐकायचीच नाहीस."

तिनं टेबलाला लाथ घातली. पाण्याची बाटली उडाली. आणि तुम्ही झडप घालून तिचं मनगट धरलंत. मी पाहिलं, तुम्ही ठरवून नाही धरलंत, हात आपोआप गेला. सिस्टर म्हणाल्या, "हात सोडा. तिला जाऊ द्या." तुम्ही सोडलात. ती बाहेर गेली. तुम्ही थोडा वेळ आपल्या हाताकडे बघत राहिलात, पिशवी उचललीत आणि मी हाक मारत असताना जिना उतरून निघून गेलात.

मी इतका चिडलो होतो की जिन्याच्या कठड्यावर बुक्की मारली, तीही प्लास्टरच्या हातानं. सिस्टर माझ्यापासून लांब, तिरक्या उभ्या राहिल्या. म्हणाल्या, "काका, तुम्हाला राग आलाय. बसायचंय, की चालायचंय?" मला हसूच आलं. माझ्यावरही तोच प्रयोग! पण खरं सांगतो, उतरला राग. मी दोन चकरा मारल्या आणि येऊन बसलो.

तेव्हा त्या म्हणाल्या, "त्यांनी हात सोडला, ते बघितलंत? सांगितल्यावर लगेच सोडला. ज्याला सोडता येतो त्याला पुढचंही येईल. फक्त थांबायला हवं होतं." मला त्या वेळी ते पटलं नाही. महिनाभर पटलं नाही. तुम्हाला लिहायला बसलोय याचा अर्थ आता थोडंफार पटलंय.

तुम्ही गेल्यानंतर काय झालं ते ऐका. भिंगरी कॉरिडॉरमध्ये चालली, तळहात भिंतीवर आपटत. मग टोकाच्या खोलीत गेली. पोत्यावर धडाधड आवाज आले, मग बंद झाले, आणि मी उठून उभा राहिलो, कारण असं आवाज बंद होणं म्हणजे काय ते आता आपल्या दोघांनाही माहीत आहे. पण सिस्टर दारात जाऊन नुसतं म्हणाल्या, "आहेस ना?" आणि आतून आवाज आला, "आहे."

ती बाहेर आली. नळावर तोंड धुतलं, केस नीट बांधले, आणि सरळ भेटीच्या खोलीत येऊन आपल्या खुर्चीवर बसली. समोरची खुर्ची रिकामी. मला वाटलं, आता ही खुर्ची खिडकीवर जाणार. मामा दाराशी येऊन उभे होते. सिस्टरनी डोळ्यांनीच त्यांना थांबवलं.

"गेला?" तिनं विचारलं.

"हो," सिस्टर म्हणाल्या.

"मी पुढचं वाक्य ठरवून आले होते."

"आम्हाला सांगतेस? आम्ही ऐकतो."

तिनं विचार केला. "नको. ते त्याचं आहे."

आणि खाली वाकून, लवंडलेली पाण्याची बाटली उचलून टेबलावर ठेवली. एवढंच. ओरडली नाही, कोणाला लागलं नाही, कोणी तिला हात लावला नाही. मी आयुष्यात बरीच धाडसं पाहिलीत, काही लोकांना तर मीच हायवेवर गाडी घालायला लावली आहे. पण चिडलेल्या माणसानं स्वतःच्या पायांनी परत येऊन त्याच खुर्चीवर बसणं, याच्यापुढे ते काहीच नाही. तिच्या आईला मी ते घरी जाऊन दोनदा सांगितलं.

दर शनिवारी आम्ही तिला सिस्टरना भेटवायला नेतो. तीच खोली असते, दार उघडंच असतं. यायचं की नाही ते तुम्ही ठरवा. मी बसथांब्यावर येईन, आणि या वेळी हात मोकळा असेल.

पत्र लिहायला बसलो तेव्हा ती बुटाच्या नाड्या बांधत होती. मी विचारलं, तुझ्याकडून काही लिहू का? आधी नाही म्हणाली. दारापर्यंत गेली आणि तिथून म्हणाली, "काका, लिहा त्याला. म्हणावं, मी परत आले होते."

तिचा काका